५.१० मोठं की ५.९? कातळचढाईतल्या 'ग्रेड'ला मराठीत काय म्हणावं?

चकवा : अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या कातळचढाईवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात ५.१०चा रूट, म्हणजे चढाईचा मार्ग, ५.९पेक्षा अवघड म्हटलाय. शाळेत शिकलो त्याप्रमाणे ५.१० म्हणजे ५.१ ना? आणि हा अवघडपणाचा आकडा म्हणजे ग्रेड, त्याला शब्द काय? दर्जा?

मेख : मुळात दशांशच होता, पुढे मोडला. आधीचा पाच हा वर्ग. पहिला वर्ग म्हणजे साधी पायवाट, तिसऱ्यात हात टेकावे लागतात, पाचव्यात दोर लावून चढाई, सहाव्यात ठोकलेल्या मेखांवरच भार टाकून वर सरकायचं. पाचव्याचे ५.० ते ५.९ असे पोटभाग १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टाक्विट्झ या कातळावर पडले. ५.९च्या पुढे कोण जाणार, असा समज. गेले की लोक! पण सहा आकडा आधीच अडकलेला, म्हणून ५.१० काढावं लागलं. तिथेही दाटी झाल्यावर ए, बी, सी, डी जोडले. आता मजल ५.१५डीपर्यंत आहे: नॉर्वेतला 'सायलेन्स' हा रूट, २०१७ साली चेक चढाईपटू अॅडम ओंड्रानं चढलेला. फ्रेंच मोजणीत तो ९सी.

रानमेवा : म्हणून जुन्या काळचा ५.९ दिसला की जपून. वरचा आकडाच नसल्यामुळे बरंच काही त्यात कोंबलेलं असतं.

'दर्जा' मात्र नको. 'उच्च दर्जाचा रूट' वाचून कातळ सुरेख आहे असं वाटेल. 'काठिण्यपातळी' प्रश्नपत्रिकेत शोभते. 'श्रेणी' चालेल, पण आपल्याकडे ट्रेकच्या जाहिरातीत 'श्रेणी : मध्यम' म्हणजे दिवसभराची दमछाक. इथे तसं नाही. अमेरिकी आकडा मुख्यतः सगळ्यात अवघड हालचालीचा.

चकवा : मग धोका कुठे कळतो?

मेख : त्या आकड्यात नाही. पडल्यावर दोर धरेल असा आधार कमी असेल तर पुढे आर, फारच वाईट असेल तर एक्स. ही अक्षरं चक्क अमेरिकी सिनेमाच्या प्रमाणपत्रावरून उचललीत. ब्रिटिश 'ई१ ५बी' लिहितात: ५बी सगळ्यात अवघड हालचालीला, ई१ एकूण चढाईला, जोखमीसकट. म्हणून अनुवादात 'अवघड' आणि 'जोखमीचा' वेगळे ठेव.

रानमेवा : बदामीला फ्रेंच मोजणी चालते. तिथे जाणारी आपली पोरं 'सिक्स बी मारला' म्हणतात, श्रेणीबिणी कुणी म्हणत नाही.

चकवा : मग 'हा रूट ५.१०ए श्रेणीचा' लिहितो.

मेख : लिही. पहिल्यांदा येईल तिथे 'उच्चार फाइव्ह टेन ए' एवढी तळटीप टाक, नाहीतर वाचणारा 'पाच पूर्णांक एक' म्हणेल.