शब्दचर्चा : ‘वेसिनो’ म्हणजे शेजारी?

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या सान्तियागो दे ग्वातेमाला या शहराच्या सुरुवातीच्या काळावर लिहितोय. स्पॅनिश कागदांत जिथेतिथे ‘वेसिनो’ येतं. कोशात ‘शेजारी’ दिलंय, ते बसत नाही. ‘रहिवासी’ चालेल का? आणि शहर १५२४ मध्ये ‘वसवलं’ म्हणावं की १५२७ मध्ये?

उत्तर : ‘रहिवासी’ने घोटाळा होईल. वेसिनो म्हणजे काबिल्दोच्या, म्हणजे नगरसभेच्या, दप्तरी नाव चढलेला घरधनी. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे अल्वारादोच्या फौजेबरोबर आलेले मेक्सिकोतल्या त्लाश्कालाचे लोक अल्मोलोंगातच, म्हणजे शहर वसलं त्याच खोऱ्यात, राहिले, पण वेसिनोंत त्यांची गणती नव्हती. शिवाय वेसिनोंचा आकडा घरांचा असतो, डोक्यांचा नाही. तो लोकसंख्या म्हणून छापला की संपलं.

दुसरं उत्तर : ‘मिरासदार’ सुचवणार होतो, पण त्यात वडिलोपार्जित हक्क येतो, इथे तर सगळे कालपरवा आलेले. ‘नोंदलेला घरधनी’ एकदा लिहा, पुढे वेसिनोच ठेवा.

सालाचं म्हणाल तर, २५ जुलै १५२४ला पेद्रो दे अल्वारादोने काक्चिकेल या स्थानिक माया लोकांच्या इशिम्चे या राजधानीत काबिल्दो नेमला. ती ‘स्थापना’. होती मात्र लष्करी छावणी, आणि सोन्याच्या मागणीला वैतागून काक्चिकेल लवकरच उठले. ‘वसवलं’ हे क्रियापद २२ नोव्हेंबर १५२७साठी राखा : त्या दिवशी पेद्रोचा भाऊ होर्खेने अल्मोलोंगाच्या खोऱ्यात आखणीचा हुकूम दिला. रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, मधोमध प्लाझासाठी चार सोलार, त्याला लागून चर्चसाठी दोन.

प्रश्न : सोलार म्हणजे प्लॉट ना? आणि प्लाझाला ‘चौक’?

उत्तर : सोलारला ‘घरजागा’ म्हणा. चार रस्त्यांमधल्या एका चौकोनाचे साधारण चार सोलार पडत. ‘चौक’ नको, वाचकाला चार रस्ते मिळतात तो चौक दिसेल, ‘पटांगण’ बरं. ‘एहिदो’ला, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीला, मात्र आपलं ‘गायरान’ जवळपास बसतं.

काबिल्दोतल्या ‘आल्काल्दे’ला महापौर करू नका, तो न्यायनिवाडाही करी. मूळ अरबी अल-काझी, म्हणजे आपल्या काझीचाच भाऊबंद. ‘आल्ग्वासिल’ तर मूळचा वझीर, स्पेनमध्ये उतरत उतरत शिपाईगड्यापर्यंत आलेला!

तिसरं उत्तर : ‘सान्तियागो’ लिहाल तिथे जागाही लिहा. १५४१च्या सप्टेंबरात आग्वा ज्वालामुखीवरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात अल्मोलोंगाचं शहर गेलं. १५४३मध्ये ते पांचोय खोऱ्यात हललं, तेच आजचं ग्वातेमालातलं अँटिग्वा. १७७३च्या भूकंपानंतर पुन्हा हलून झालं ते ग्वातेमाला सिटी. काबिल्दो हलला की नावही त्याच्याबरोबर जाई, त्यामुळे नुसतं ‘सान्तियागो’ म्हटलं तर गाव कुठलं ते कळत नाही.