अनुभव धागा : व्यायामाची वेळ तुम्ही कशी ठरवलीत?

मांजराकाठ, लातूर
माळ्यावरची अडगळ काढताना परवा आजोबांच्या मुद्गलांची जोडी हाती लागली आणि गावच्या तालमीतली पहाट आठवली. सूर्योदयापूर्वी जोर-बैठका, मग मुद्गल, त्यानंतर माती उकरून लढती आणि सायंकाळी पुन्हा थोडी मेहनत असा तिथला क्रम होता. मुख्य व्यायामाला पहाटेशिवाय दुसरी वेळ असू शकते, हे त्या पिढीला मान्यच नव्हते. मीही ती पहाट बरीच वर्षे सांभाळली. मात्र २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या दिवसांत, आमच्या गल्लीत टँकर भल्या पहाटे येत असे आणि घागरी, पिंपे भरण्यातच ती वेळ जात असे. नाइलाजाने व्यायाम सायंकाळी नेला, आणि वजन उचलताना अंग अधिक मोकळे असते असे जाणवले. पुढे वाचनात आले की शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि स्नायूंची ताकदही साधारणपणे त्याच चढउताराने चालते. आपापल्या गावचे ऊन, पाणी, कामाची पाळी आणि प्रकृती पाहून तुम्ही कोणती वेळ धरलीत, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदातीर, नांदेड
आमच्याकडे हा प्रश्न उन्हाळाच सोडवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२–४३ अंशांवर जातो. सायंकाळी सात वाजता ऊन उतरलेले असले, तरी डांबर, सिमेंट आणि भिंती दिवसभर शोषलेली उष्णता बाहेर टाकतच असतात, त्यामुळे घाटाकडे चालत जाणेसुद्धा जड जाते. दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या अगदी आधीची असते, आणि मे महिन्यात इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. म्हणून त्या दोन महिन्यांत मी पाचला घराबाहेर पडतो आणि साडेसहाच्या आत परततो. पाऊस स्थिरावला की पुन्हा सायंकाळ. वर्षभर एकच वेळ पाळण्याचा आग्रह मराठवाड्यात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कपाशीचे शिवार, परभणी
गोदातीर सरांचा हिशेब आमच्याकडे थंडीत बरोबर उलटा लागू होतो. कृषी विद्यापीठाच्या परिसरात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. मला दमा आहे, आणि अशा थंड, कोरड्या हवेत भरभर चालले की श्वासनलिका आकसतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्यामुळे पाण्याच्या बंबांचा व शेकोट्यांचा धूर वर न जाता गल्लीतच साचून राहतो. ज्या पहाटेला लोक शुद्ध हवा म्हणतात, तीच थंडीत सर्वांत धुरकट असते. म्हणून दिवाळीनंतर मी सकाळी ऊन चांगले वर आल्याशिवाय बाहेर पडत नाही. नाकातोंडावर मफलर गुंडाळल्याने आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते, हेही दम्याच्या रुग्णांनी ध्यानात घ्यावे.

तुळजाई, धाराशिव
वरील सर्व अनुभव मन लावून वाचले. एक गोष्ट मात्र मांडावीशी वाटते, की पहाट कोणाच्या वाट्याला येते हे घरातल्या कामावर अवलंबून असते. नळाचे पाणी, मुलींचे डबे, भाकऱ्या आणि सासूबाईंची औषधे यांत माझे सकाळचे साडेनऊ वाजतात, आणि पहाटे फिरायला जा असे सांगणाऱ्यांनी ती कामे कोण करणार हेही सांगायला हवे. गर्भारपणात माझी साखर वाढली होती, तेव्हापासून व्यायाम टाळणे मला परवडणारे नाही. म्हणून मी रात्रीच्या जेवणानंतरची वेळ घेतली. भांडी घासण्याचे काम थोरल्या मुलीने आणि यजमानांनी वाटून घेतले, शेजारच्या दोघी सोबतीला आल्या आणि आम्ही कॉलनीतल्या दिवे असलेल्या रस्त्यावरून पंधरा-वीस मिनिटे चालतो. एकटीने अंधारात जाणे मला योग्य वाटत नव्हते. सोबत मिळाली तेव्हाच ही वेळ टिकली.

परिचारिका, अंबाजोगाई
तुळजाई, तुमची वेळ साखरेच्या दृष्टीने अतिशय योग्य आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढत असतानाच पायांचे स्नायू काम करू लागले, तर ते ती साखर वापरतात आणि चढ कमी होतो. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचे साधे चालणेही उपयोगी पडते. वॉर्डात काम करताना मला अधिक काळजी वाटते ती पहाटे उपाशीपोटी लांब फिरायला जाणाऱ्या मधुमेही मंडळींची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर चालता चालता साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि व्यायामाची वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. पाठीचे दुखणे असलेल्यांनाही एक सांगते, की झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकण्याचे व्यायाम आणि जड ओझी टाळावीत.

मैदान, बीड
मी भरतीच्या मुलामुलींकडून सराव करून घेतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते, आणि हे सगळे ५० गुणांचे आहे. चाचणी बहुधा सकाळी लवकर सुरू होते, म्हणून आमचा मुख्य सराव सकाळीच असतो, कारण ज्या वेळी सराव होतो त्या वेळेला शरीर सरावते. पहाटे अंग थंड असल्यामुळे हलके धावणे आणि सांधे मोकळे करणे यांना मी भरपूर वेळ देतो, नाहीतर पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू धरतो. गोळाफेक आणि ताकदीचे व्यायाम सायंकाळी घेतो. एक कळकळीची विनंती आहे : पहाटे चारच्या अंधारात महामार्गाच्या कडेने धावू नका. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला काळ्या कपड्यातले पोर दिसत नाही. मैदान लांब असले तरी तिथेच जावे, किंवा उजाडण्याची वाट पाहावी.

पाळीवाला, जालना
सळईच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम असल्यामुळे घड्याळातली ठरावीक वेळ मला धरता येत नाही. मी झोपेतून उठण्याशी व्यायाम बांधला आहे. उठल्यावर दोन तासांनी, मग तेव्हा सकाळ असो वा दुपार. रात्रपाळीहून परतल्यावर मात्र आधी झोप, कारण भट्टीजवळ रात्रभर घाम गाळून पुन्हा धावण्यात मला काहीच हित दिसत नाही.

हिमरू, छत्रपती संभाजीनगर
रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत असल्यामुळे आम्हाला ऋतूप्रमाणे वेळ बदलण्याची सवय आपोआप लागते. २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता. दिवसभर पाण्याचा थेंब नसताना त्या उन्हात मेहनत करणे अशक्य होते, म्हणून तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची, नमाज आटोपल्यावर जिममध्ये जात असे आणि तोवर पुरेसे पाणी पोटात गेलेले असे. रमजान थंडीत आला की इफ्तारच्या आधी अर्धा तास हलके चालतो, म्हणजे घरी पोहोचताच खजूर आणि पाणी समोर असते. माझे मोठे बंधू रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांनी रोजाच्या दिवसांतील गोळीची आणि चालण्याची वेळ डॉक्टरांकडून एकत्र ठरवून घेतली, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते.

हळदीचे रान, हिंगोली
आमच्याकडे कृषिपंपांची वीज पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री येते. रात्रीच्या पाळीत हळदीला पाणी देत बांधाबांधाने फिरणे होते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. परिचारिका ताईंना विचारायचे आहे, की हे व्यायामात धरावे काय?

परिचारिका, अंबाजोगाई
दादा, अवश्य धरावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे, आणि त्यात कामावरचे श्रमही येतात. रात्रीच्या पाण्याच्या दिवसांत स्वतंत्र व्यायामासाठी झोप मोडू नये. खोऱ्याच्या कामात कंबर सतत वाकलेली राहते, म्हणून काम संपल्यावर पाठ आणि मांड्या ताणण्याचे साधे प्रकार तेवढे करावेत.

तुळजाई, धाराशिव
ताई, सासूबाई इन्सुलिन घेतात. रात्रीच्या फेरीला त्यांनाही सोबत न्यावे का?

परिचारिका, अंबाजोगाई
न्यावे, पण आधी डॉक्टरांना विचारून, आणि सुरुवातीला दहाच मिनिटे. व्यायामाचा परिणाम पुढे काही तास राहत असल्यामुळे साखर झोपेतही खाली येऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर तपासून आकडे वहीत लिहावेत आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावेत. पायांत चपलेऐवजी बंद बूट असावेत.