शपथभंग की खोटी साक्ष?

बोरूबहाद्दर: अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'पर्जरी'ला, म्हणजे कोर्टात शपथेवर खोटं बोलण्याला, मी 'शपथभंग' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'खोटी साक्ष' केलं. वर शेरा: "शपथभंग म्हणजे पदाची शपथ मोडणं." पटतं का?

शब्दवेडी: पटतं. माझे आजोबा तालुका कोर्टात कारकून होते, त्यांच्या तोंडी कायम 'खोटी साक्ष'च. शपथभंग म्हटलं की मला रथाचं चाक उचलणारा कृष्ण दिसतो.

तिरशिंगराव: कृष्णाची ती प्रतिज्ञा, शपथ नव्हे. पण सगळं भांडण या दोन शपथांचंच होतं की! क्लिंटनने खासगी संबंधांच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, घेतली ती साक्षीदाराची शपथ. तिथे खोटं बोलला म्हणून अध्यक्षपदाची शपथही मोडली का? डिसेंबर 1998मध्ये प्रतिनिधिगृह 'हो' म्हणालं, 228 विरुद्ध 206. फेब्रुवारी 1999मध्ये सिनेटात त्याच आरोपावर 'दोषी' म्हणणारे 45, 'निर्दोष' म्हणणारे 55, आणि पदावरून काढायला लागतात दोनतृतीयांश. त्याआधी 1974मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनवरच्या आरोपांतलं करचुकवेगिरीचं कलम प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीनेच 26 विरुद्ध 12 असं फेटाळलं. जनतेची दिशाभूल मात्र पहिल्याच कलमात घातली. घरचा खोटेपणा वेगळा, गादीवरून केलेला वेगळा. 'शपथभंग' लिहिलंत तर निकाल तुम्हीच देऊन मोकळे.

कोकणीकाका: शपथेवर खोटं बोलल्यावर घरचं काय नि दारचं काय! कायदा राबवायला बसवलेला माणूस 'इज' या शब्दाचा अर्थ काय धरता त्यावर आहे म्हणतो. नरो वा कुंजरो वा! धर्मराजाचासुद्धा रथ चार बोटं खाली आला.

शब्दवेडी: आला, पण चालायचा थांबला नाही. क्लिंटनचंही तसंच: महाभियोग झाला, म्हणजे प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवला; हकालपट्टी नाही. :)

कोकणीकाका: तोच तर घोळ. महाभियोग म्हटलं की लोकांना वाटतं, गेला घरी. सरळ 'इम्पीचमेंट' लिहा.

तिरशिंगराव: का म्हणून? 'अभियोग' याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. आपल्या राष्ट्रपतींसाठी घटनेच्या 61व्या कलमात महाभियोगच आहे, आणि कारण एकच, घटनेचा भंग. खोटेपणाचं नावही नाही.

बोरूबहाद्दर: मंडळी, मी लिहू काय? उद्या दुपारी मजकूर द्यायचाय.

तिरशिंगराव: आधी 'अमेरिकेचे राष्ट्रपती' असं कुठे लिहिलं नाहीये ना ते बघा. राष्ट्राध्यक्ष हवं.

कोकणीकाका: आमच्या मास्तरांनी लिंकनला राष्ट्रपतीच केलं होतं. कोणाचं काय बिघडलं?