झोपेतून उठलेल्या लॅपटॉपची लॉक स्क्रीन: आपले अनुभव लिहावेत

लॅपटॉपचे झाकण उघडल्यावर लॉक स्क्रीन अडून बसते किंवा बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी तो येथे लिहावा, आणि पडद्यावर नेमके काय दिसत होते हेही सांगावे. सुरुवात माझ्यापासून करतो. मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो. एका सकाळी पासवर्ड पाच वेळा नाकारला गेला, तेव्हा कोणीतरी तो बदलला असावा अशी शंका येऊन मी घरच्यांची उलटतपासणीही घेतली. शेवटी चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली, तर तेथे देवनागरी अक्षरे उमटलेली होती. आदल्या रात्री मराठी लिहिता लिहिता झाकण मिटले होते आणि कीबोर्ड तसाच मराठीत राहिला होता. विंडोज कळ धरून स्पेसबार दाबताच तो इंग्रजीवर आला. घरच्यांची क्षमा मागावी लागली, ते वेगळेच.

*

माझी अडचण पासवर्डाच्या चौकटीपर्यंतही पोहोचत नसे. पडदा काळा आणि त्यावर फक्त माऊसचा बाण. पॉवरचे बटण दाबून धरले की यंत्र बंद होई, पण जतन न केलेले कामही त्यासोबत जाई. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र हाताळणारी प्रणाली) नव्याने सुरू होतो, हे एका सहकाऱ्याने सांगितले आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागले. तो अर्थात तात्पुरता उपाय होता. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातल्यावरच त्रास थांबला.

*

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर मलाही असाच काळा पडदा दिसत असे. झोपेत मुख्य मेमरीला वीजपुरवठा चालू राहतो, परंतु स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतील मजकूर ड्रायव्हरने आधी जपून ठेवला नाही, तर जागे झाल्यावर चित्र उभे करायला काही उरत नाही. माझ्या ड्रायव्हरमध्ये हे जतन करण्याची सोय होती, मात्र ती बंद होती. यंत्र खरोखर जागे आहे की नाही, हे पाहण्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबावे. अक्षरी लॉगिन दिसले तर दोष केवळ पडद्याचा आहे आणि तेथून यंत्र नीट बंद करता येते.

*

माझे उत्तर लहान आहे. पिन उजवीकडच्या अंकपट्टीवरून देत होते आणि झोपेनंतर नमलॉक, म्हणजे त्या पट्टीवर अंक उमटवणारी कळ, बंद झालेले असे. चौकटीत एकही ठिपका उमटत नाही, हे लक्षात यायला दोन दिवस लागले.

*

बोटाचा ठसा झोपेनंतर ओळखला जात नसल्यास विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) वीज वाचवण्यासाठी ते उपकरण बंद करण्याची परवानगी काढून पाहावी. माझ्याकडे तेवढ्याने काम झाले, पण महिन्याभरापूर्वीच्या अपडेटनंतर त्या परवानगीची खूण आपोआप परत आली आहे. ती कायमची काढण्याचा मार्ग कोणाला सापडला असल्यास अवश्य लिहावा.