मदत हवी आहे : ग्रँड कॅनियन, एका दिवसात नदी गाठून परत

मंडळी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाला जातोय. मी ४७, मेव्हणा ३९. पहाटेच्या शटलनं साउथ कैबाब या पायवाटेच्या तोंडाशी, तिथून खाली कोलोरॅडो नदी, तळाच्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागी जरा टेकून ब्राइट एंजल या दुसऱ्या पायवाटेनं वर. उतार ११ किमी, चढ १६ किमी, उंचीत साधारण १४०० मीटरचा फरक. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येऊ नका असं पार्कवालेच बजावतात, ते वाचलंय. ‘वेड लागलंय का’ हा प्रतिसाद घरून मिळालेला आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एकटाच ब्राइट एंजलनं वाटेतल्या हवासुपाई गार्डन या थांब्यापर्यंत उतरलो होतो. राजगड-तोरणा केलेला माणूस, म्हटलं हे काय! पण गडावर दम आधी निघतो, मग पिठलं-भाकरी हाणून उतरायचं. इथे सगळं उलटं. उतरताना पाय आपोआप पळतात आणि चढ लागतो भर दुपारी. मी नुसतं पाणी ढोसत राहिलो. काठापासून तीन मैलांवरच्या विसाव्याशी मळमळायला लागलं, बोटं सुजून अंगठी फिरेना. शेजारच्या आजींनी खाऱ्या प्रेट्झेलची पिशवी हातात कोंबली आणि पाण्याची बाटली काढून घेतली. अंगातलं मीठ उतरलं होतं बहुधा. तासाभरानं माणसात आलो.

तर विचारायचं असं :

साउथ कैबाबवर पाण्याचा थेंब नाही. माणशी तीन लिटर पुरेल का? ब्राइट एंजलवर नळ आहेत, पण पाइपलाइन फुटली की तेही बंद, म्हणून फिल्टर घ्यावा म्हणतोय. मिठासाठी खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं आणि ओआरएस एवढं बास? डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, काठ्या दोन घेऊ ना?

आणि मुख्य प्रश्न. परत फिरायचं कुठे ठरवावं? खाली जाताना थकवा जाणवतच नाही आणि मेव्हणा माझं ऐकणाऱ्यांतला नाही.

——

प्रतिसाद :

काठ्या दोनच. पाणी तीन लिटर ठीक, ऊन असेल तर चार. फिल्टर घ्याच. अंधार सहाच्या सुमारास पडतो, हेडलॅम्प दोघांकडे वेगवेगळा हवा.

परत फिरायचं ते साउथ कैबाबवरच्या स्केलेटन पॉइंटला, साधारण ५ किमीवर. नदी पहिल्यांदा तिथूनच दिसते आणि आता हाकेच्या अंतरावर आहे असं वाटतं. नसते. तिथे बसून आधी दोघांनी खायचं. मेव्हण्याला खाववत नसेल तर तिथूनच मागे. हे त्याच्याकडून आदल्या रात्री, बायकोसमोर कबूल करून घ्या.