२० पेक्षा कमी पटाच्या शाळा: निबंधात बाजू कशी मांडू?

बी.एड.चा १५०० शब्दांचा निबंध आहे. ‘कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत’ ही माझी बाजू. पुरावे कुठून आणू?

खडूफळा: आधी विधान आवळा. ‘बंद करू नयेत’ हे फारच ढोबळ झालं. ‘१ किमीच्या आत दुसरी शाळा नसेल तिथे पहिली ते पाचवीचे वर्ग हलवू नयेत’ असं लिहा; महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांत हेच अंतर आहे, सहावी ते आठवीला ३ किमी. आता अंतर मोजता येतं. पण नकाशावरची सरळ रेघ धरू नका, मध्ये ओढा असला की पायवाट दुप्पट होते.

पाटीपेन्सिल: पट यू-डायसवरून (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) घ्या, ११ अंकी शाळा कोड टाकून. २०२२-२३ पासून नोंद विद्यार्थीनिहाय झाली, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी थेट तुलना केलीत तर परीक्षक तिथेच पकडेल.

खडूफळा: बरोबर. आणि विरोधी मुद्दा टाळू नका: दोन शिक्षक, पाच इयत्ता, म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन वर्ग. याला किमान २०० शब्द द्या.