सरासरी नको, भाजक आधी ठरवा
ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवर घरटी किती शेळ्या बिबट्याने नेल्या याची सरासरी काढून जोखीम ठरवावी, अशी एक सूचना आहे. ही सरासरी फसवते. बहुतेक घरी शून्य, आणि एखाद्या गोठ्यात एका रात्रीत चार-पाच. म्हणजे विचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, इंग्रजीत variance) सरासरीच्या कितीतरी पुढे जातं. अशा आकड्यांना प्वासाँ (मोजणीच्या आकड्यांचं मॉडेल, जे विचरण सरासरीइतकंच धरतं) लावलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खोटी लहान येते आणि गोठ्याच्या कुंपणाचा नसलेला परिणामही ठळक दिसतो. त्याऐवजी जास्त विचरण सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल घ्या. घटना आणि मेलेली जनावरं वेगळ्या रकान्यांत नोंदवा.

खरी चूक भाजकात होते, म्हणजे नुकसानीला कशाने भागायचं त्यात. घरांच्या संख्येने नको, शेळ्या गुणिले पाळलेले महिने, म्हणजे ‘शेळी-महिने’, यांनी भागा. 3 शेळ्या वर्षभर पाळणारं घर 36 शेळी-महिने, 10 शेळ्या चार महिने पाळणारं 40. या शेळी-महिन्यांचा लॉगरिदम मॉडेलमध्ये ऑफसेट (गुणांक 1 ठेवलेलं पद) म्हणून टाका, नाहीतर मोठा कळप आपोआप ‘धोक्याचा’ ठरतो. करडं वेगळी मोजा, ती वर्षभर एकसारखी नसतात.

एखाद्या पाड्यात 60 शेळी-वर्षांत एकही गेली नसेल तरी जोखीम शून्य लिहू नका. 95 टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारण 3 भागिले 60, म्हणजे वर्षाला 5 टक्के. घटना गठ्ठ्याने घडत असल्याने ती प्रत्यक्षात याहूनही जास्त असू शकते.

आणि भटके कुत्रे! गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा, ओढत नेल्याचा माग असेल तर बिबट्याकडे बोट दाखवता येतं. मागचे पाय, पोट जागोजागी फाडलेलं असेल तर कुत्र्यांचा संशय धरा. खात्री नसेल तिथे ‘अनिश्चित’ लिहा, आणि विश्लेषण त्या नोंदींसह व त्यांच्याशिवाय असं दोनदा करा.